खांब हलला नाही

धोंडिबा खरात पहिल्यांदा माझ्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या एका हातात सुतळीचा गुंडा होता आणि दुसऱ्या हातात इंग्रजी पत्र. २०११ सालचा पोळा नुकताच होऊन गेला होता. ना नमस्कार, ना नावगाव. सरळ म्हणाले, "बाई, खांब हलला नाय."

"कुठला खांब?"

"माझ्या चार्जातला."

मग मीच आठवून ओळख काढली. करमाडच्या पुढे, जालना रस्त्यापासून आत, एक उघडीबोडकी टेकडी आहे. परगावच्या एका संशोधन संस्थेने २००९ साली तिथे काँक्रीटचा खांब उभारला. छातीएवढा उंच, काळ्या खडकात खोल रोवलेला, डोक्यावर पांढऱ्या टोपणाखाली ताटलीसारखा अँटेना. तो उपग्रहांचे संदेश घेतो आणि त्यावरून तो पृथ्वीवर नेमका कुठे आहे हे मिलिमीटरपर्यंत काढता येतं. शेजारी दोन खोल्या. एकीत यंत्र आणि बॅटऱ्या, दुसरीत राखणदार धोंडिबा आणि त्यांची बायको कडूबाई. शेळ्या हाकलायच्या, सोलरच्या काचा पुसायच्या, यंत्राचा हिरवा दिवा विझला तर फोन करायचा, एवढंच काम.

२०११च्याच फेब्रुवारीत मी कॉलेजची मुलं घेऊन तिथे गेले होते. एक विद्यार्थी खांबाला टेकून फोटो काढून घेत होता. धोंडिबा असे ओरडले की तो दोन हात लांब उडाला. "खांब हाय तो! तुझा सासरा नाय, टेकून बसायला!" तेहतीस वर्षं भूगोल शिकवून मला असं ओरडता आलं नव्हतं. जाताना मी त्यांना माझा पत्ता दिला होता, काही लागलं तर या म्हणून. लोक असं म्हणतात आणि कुणी येत नाही. हे आले.

मी पत्र वाचलं. चार ओळी. 'स्थापनेपासून आपले केंद्र ईशान्येस १०.४ सेंटीमीटर सरकले आहे. खांबाची स्थिती तपासून कळवावे.'

"हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?"

"रत्नमालानं. आमच्या नात्यातली हाय, अंगणवाडीत असती. म्हणली, मामा, तुमचा खांब चार इंच हललाय, सायबानं जाब विचारलाय." त्यांनी सुतळी टेबलावर ठेवली. "म्या आन् कडूनं काल चारी अंगानं मोजला. इतका बी नाय हलला." त्यांनी करंगळीचं नख दाखवलं.

मला हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही. माझा स्वभाव तसा आहे. पण समोरचा माणूस हसत नव्हता. घाम पुसत होता. मग मी पाणी दिलं आणि बसवलं, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली.

टेकडीवर येण्याआधी धोंडिबा शेंद्र्याकडच्या एका कारखान्यात राखणदार होते. तिथून तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं नाहीसं झालं. कुणी चोर म्हटलं नाही. फक्त उद्यापासून येऊ नका म्हणाले. तीन महिन्यांनी ते भेंडोळं गोदामात मागच्या फळीवर सापडलं. धोंडिबांना हे कळलं ते करमाडच्या चहाच्या टपरीवर, तिसऱ्याच माणसाकडून. कारखान्यातून कुणी आलं नाही, चिठ्ठी आली नाही. "घेतलं नव्हतं हे सगळ्यांला ठावं झालं, बाई. पर लिहून कुणी दिलं नाय. माझ्या इंद्रजीतला साळंत पोरं 'तारवाला' म्हणायची, ती म्हणतच राह्यली."

आता खांब हलला, आणि तोही त्यांच्या राखणीत. माझ्या समोर बसलेल्या माणसाला नोकरीची काळजी नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी काळजी होती ती दुसऱ्यांदा तसंच, काही न बोलता, दोषी ठरण्याची.

"धोंडिबा, खांब हलला नाही," मी म्हटलं. "जमीन हलली."

"म्हंजी खांबासकट?"

"खांबासकट, तुमच्यासकट, कडूबाईंसकट, शेळ्यांसकट. वर्षाला पाच सेंटीमीटर. ईशान्येला."

त्यांनी बोटाने हवेत दिशा काढली. "ईशान्येला म्हंजी भोकरदनकडं?"

"हो. पण भोकरदनही तेवढंच पुढे सरकतं."

"मंग गावायचं कसं?"

"नाहीच गावायचं."

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. मग पुढे वाकून विचारलं, "किल्लारीला झालं तसं?"

"तो झटका होता. हे रोजचं आहे, झोपेत नख वाढतं तसं."

मी कागद घेतला. पृथ्वी कापून दाखवायची तर लोक अंडं काढतात: टरफल, पांढरा, पिवळा. मला त्या अंड्याचा राग आहे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाटतं की आपण एका पातळ टरफलावर बसलोय आणि खाली सगळा लाव्हारस खदखदतोय. तसं नाही. कशाचं बनलंय ते वेगळं आणि कसं वागतं ते वेगळं. वागणुकीने पाहिलं तर वर शिलावरण: भूकवच आणि त्याखालचा कडक थर एकत्र, शंभर-दीडशे किलोमीटर जाड. त्याचे तुकडे झालेले आहेत, ते भूपट्ट. त्याखाली दुर्बलावरण. ते द्रव नाही, घन आहे, पण तापून मऊ पडलेलं, हळू वाहणारं. आणखी खाली दाबाने पुन्हा ताठर. मग कुठे लोखंडाचा वितळलेला बाहेरचा गाभा, आणि अगदी आत घट्ट गोळा.

"घन हाय आन् वाहतं बी?" धोंडिबांनी विचारलं.

वर्गात इथेच मुलं झोपायची. मी मेणाचा, लाखेचा, कशाकशाचा दाखला द्यायचे. पण धोंडिबाच म्हणाले, "डांबरावानी."

"काय?"

"जालना रोडवर आठ वर्सं होतो मी. डांबराचं पिंप गार पडलं की हातोडा मारा, काचंवानी फुटतं. आन् तेच पिंप आडवं पडू द्या. म्हैन्याभरानं बगा, तोंडातून जीभ बाहेर आल्याली असती. कुणी हात लावला नसतो."

मी पेन खाली ठेवलं. तेहतीस वर्षांत याहून चांगला दाखला मला सुचला नव्हता. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्या वर्षी मी डांबरच शिकवलं.

"आन् नाव काय म्हणलात त्याचं?"

"दुर्बलावरण."

"दुर्बल?" त्यांच्या कपाळावर आठी आली. "आमाला बी कागदावर दुर्बल घटकच म्हणत्यात. एवढा भार डोक्यावर घिऊन समद्यांला सरकू देतंय, ते दुर्बल कसं?"

नाव मी ठेवलं नव्हतं, पण शिकवलं मीच होतं.

भूपट्टाचं त्यांनी 'पाट' करून टाकलं. "म्हंजी तुमी आन् आमी एकाच पाटावर बसल्यालो." हो म्हटलं. माझ्या आजीच्या कानावर हे पडलं असतं तर तिने पुन्हा आंघोळ केली असती. मी काही तिची बाजू घेणार नाही.

संस्थेला उत्तर मी इंग्रजीत लिहिलं: खांब तपासला, सुस्थितीत आहे, आजूबाजूच्या खडकाच्या मानाने तो हललेला नाही. धोंडिबांनी खाली सही केली. रजिस्टरने पाठवलं. वर फोनही केला. तिकडचा कारकून म्हणाला, "मॅडम, ते सगळ्या केंद्रांना जाणारं नेहमीचं पत्र आहे. त्यात काही नाही." मी धोंडिबांना सांगितलं, विषय मिटला.

"लेखी आलं का?"

"लेखी कशाला येईल? आरोपच नव्हता."

"आरोप लेखी आला," ते म्हणाले. "उत्तर बी लेखी यावं."

ते आलं नाही. मग त्यांनी आपली सोय आपणच केली.

खांब बांधला गेला तेव्हा धोंडिबा तिथेच गवंड्याच्या हाताखाली होते. सूत धरायला चार बाजूंना खडकात चार लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या, त्या तशाच राहिल्या होत्या. रोज सकाळी चहा झाला की सुतळीचं एक टोक खुंटीला, दुसरं खांबावरच्या कोरलेल्या रेघेला. सुतळीला बांधकामाच्या वेळचीच गाठ. गाठ रेघेवर आली की ठीक. अशा चार गाठी. मग ओळंबा सोडून खांब सरळ आहे का पाहायचा. मग वहीत तारीख आणि दोन शब्द: 'हलला नाही'.

याला दोन माणसं लागतात. खुंटीपाशी कडूबाई बसायच्या. ठेंगणी, तोंडाळ बाई. मी गेले की मला सांगायच्या, "बगा बाई, लग्नात ह्यांनी माझ्या हाताला एवढा येळ धरलं नसंल, जेवढा येळ ह्या दोरीला धराय लावत्यात!" धोंडिबा खांबाजवळून म्हणायचे, "ढिली सोडू नको." त्या म्हणायच्या, "खांब हलल एकाद्या दिवशी, पर तुमी नाय." आणि मग वहीत काय लिहिलं ते रोज विचारायच्या, जणू आज काही वेगळं असेल.

२०१५च्या उन्हाळ्यात कडूबाई गेल्या. मूत्रपिंडाचा आजार होता. दोन महिने शहरातल्या दवाखान्यात ये-जा झाली आणि संपलं. मी पाचव्या दिवशी टेकडीवर गेले. खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो लागला होता. इंद्रजीत चेन्नईहून आला होता. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात तो फिटर आहे. तो बापाला चला म्हणत होता.

"हितून गेलो तर म्हणतील, खांब हलला म्हणून पळाला," धोंडिबा म्हणाले.

"आण्णा, कोण म्हणतंय? कुणाला म्हाईत तरी हाय का तुमचा खांब?"

ते खरं होतं, आणि म्हणूनच बोलायला नको होतं. धोंडिबा उठून बाहेर गेले. इंद्रजीत माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याला म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस. मी पण माझ्या मुलीकडे जात नाही."

मी बाहेर आले तेव्हा धोंडिबा खुंटीच्या टोकाला सुतळी गच्च आवळून बांधत होते. कडूबाई बसायच्या तिथे आता दगड ठेवला होता, गाठ सुटू नये म्हणून. वही मी उघडली. कडूबाई गेल्या त्या दिवसाचं पानही होतं. तारीख. 'कडू गेली. हलला नाही.'

पुढे मी महिन्यातून एकदा जायला लागले. आधी माझ्या स्कूटीवर, गुडघे गेल्यावर जालन्याच्या एसटीने करमाडपर्यंत आणि पुढे रिक्षाने. समाजकार्य वगैरे काही नाही. सिडकोतल्या माझ्या फ्लॅटमध्ये टीव्हीशिवाय कुणी बोलत नाही, आणि टीव्हीला मध्येच गप्प बस म्हणता येतं एवढाच त्याचा फायदा. तिथे गेलं की दगड बाजूला सारून मी सुतळी धरायचे. धोंडिबा मला ओरडायचे. "ढिली, बाई, ढिली! कालेजात असंच शिकवलं का?"

एकदा काम झाल्यावर आम्ही खांबाच्या सावलीत बसलो होतो. ते म्हणाले, "चेन्नई बी आपल्याच पाटावर हाय ना?"

"हो."

"मंग इंद्रजीतचं आन् माझं अंतर वाढत नाय."

"नाही. आहे तेवढंच राहतं."

"आहे तेवढंच," ते म्हणाले. मग, "आन् तुमची लेक, हिमानीताई? ती विलायतेत ना?"

"इंग्लंडला. तो पाट वेगळा."

"लांब चाललाय?"

मी मनात हिशेब केला. "नाही. आपला पाट त्याच्यात घुसतोय. तसं पाहिलं तर ती जवळ येतेय. वर्षाला बोटभर."

"मंग बरंय की!"

"बरं काय, धोंडिबा? फोनला ती तीन आठवडे लावते."

उठून त्यांनी माझ्यापुढे शेंगदाण्याची वाटी सरकवली. त्यांची समजूत काढायची पद्धत हीच.

अशी वर्षं गेली. संस्थेचं पत्र दर साल यायचं, आकडा वाढत जायचा: तीस, पंचेचाळीस, साठ. पत्त्यावर आधी औरंगाबाद असायचं, नंतर छत्रपती संभाजीनगर आलं. शेवटची ओळ तीच: स्थिती तपासून कळवावे. मी दर वेळी तेच उत्तर लिहायचे. उलट उत्तर कधीच नाही. धोंडिबा पासष्टीचे झाले, सत्तरीकडे झुकले. संस्थेने त्यांना काढलं नाही, कारण त्या टेकडीवर राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. वह्या चौदा झाल्या. मी एकदा रागाने म्हटलं, "अहो, कोण वाचणार आहे हे?" ते म्हणाले, "वाचणारा आला तर आपल्यापाशी असावं."

गेल्या डिसेंबरात तो आला. अमेय नाव, संस्थेतला तरुण शास्त्रज्ञ, पाठीवर पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा. जुनं यंत्र काढून नवं बसवायचं होतं. आधी फोन आला होता म्हणून धोंडिबांनी मला बोलावून घेतलं, आणि स्वतः इस्त्रीचा सदरा घालून खांबाशेजारी उभे राहिले. साक्षीदारासारखे.

अमेयने यंत्र पाहिलं, तारा पाहिल्या, मोबाइलवर काहीतरी टिपलं. धोंडिबा चौदा वह्या दोन हातांवर घेऊन उभेच.

"हे काय, आजोबा?"

"खांबाचं."

"सावकाश पाहतो हं," म्हणून त्याने त्या कट्ट्यावर ठेवल्या. मला ते सहन झालं नाही. "सावकाश कधी? तुम्ही पंधरा वर्षांनी आलात. आत्ता बसा आणि पाहा."

तो बसला. मास्तरणीचा आवाज अजून चालतो. पहिली वही त्याने भराभर उलटली. दुसरी सावकाश. मग चष्मा काढून त्याने विचारलं, "रोज मोजलंय?"

"पावसात ओळंबा हलतो," धोंडिबा म्हणाले. "त्या दिवशी ओळंबा नाय लिवला. दोरी मात्र रोज."

अमेय एकदम २०१६ची वही शोधायला लागला. त्या वर्षी सप्टेंबरात संस्थेच्या आकड्यांमध्ये एक उडी आहे, असं त्याने मला सांगितलं. आठ मिलिमीटरची. खांबच सैल झाला असावा असं समजून त्यांनी त्यापुढची सगळी मोजणी संशयात ठेवली होती. पाट सरकला की खांब, हे ठरवायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

पान सापडलं. धोंडिबांचं तिरकं, मोठं अक्षर. '१४ सप्टेंबर. दोन माणसं आली. वरची ताटली बदलली. खांब हलला नाही.'

"अँटेना बदलला होता!" अमेय म्हणाला. "याची आमच्याकडे नोंदच नाही." त्याने त्या पानाचे तीन फोटो काढले. मग उठून स्वतः खुंटीपाशी बसला आणि म्हणाला, "आजोबा, मोजून दाखवा." चारी बाजूंनी मोजणी झाली. चारी गाठी रेघेवर.

"ढिली सोडू नका," धोंडिबांनी शास्त्रज्ञाला सांगितलं.

निघताना तो आभार मानून वळला. धोंडिबा जागचे हलले नाहीत. मला माहीत होतं ते कशाची वाट पाहताहेत, आणि ते मागणार नाहीत हेही. मी म्हटलं, "अमेय, लिहून द्या."

"काय लिहू?"

"जे पाहिलंत ते. मराठीत. सही, तारीख."

चौदाव्या वहीत, त्या दिवसाच्या नोंदीखाली त्याने लिहिलं: 'तपासले. २००९पासून आजपर्यंत खांब हललेला नाही.' खाली सही. धोंडिबांनी ते आपल्या बोटाने अक्षर अक्षर वाचलं. दोनदा.

अमेय हसत म्हणाला, "पण आजोबा, पृथ्वी मात्र पाऊण मीटर हलली बरं का."

"ती माझ्या चार्जात नव्हती," धोंडिबा म्हणाले.

मी त्या दिवशी हलक्या मनाने घरी आले. वाटलं, आता सुटले. इंद्रजीतलाही फोन केला. तो लगेच म्हणाला, तिकीट काढतो, आण्णांना घेऊन जातो. धोंडिबाही हो म्हणाले होते म्हणे. मग दहा-अकरा दिवस मला त्यांचा फोन नाही. मीही केला नाही. सुतळी धरायला जायचं कारण संपलं होतं, आणि नुसतंच जाऊन बसायची आम्हा दोघांनाही सवय नव्हती. त्या दिवसांत मी टीव्हीला फार वेळा गप्प केलं.

बाराव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"बाई, दोरी धरायला येता का?"

"आता कशाला? सही मिळाली ना?"

"मिळाली."

"इंद्रजीतकडे जाणार होतात ना?"

"जाईन की." मागे टेकडीवरचा वारा ऐकू येत होता, आणि एखादी शेळी. "पर बाई, सही त्या तारखेपस्तोरचीच हाय. म्होरचे अकरा दिस कुणी बगितले?"

मी म्हणणार होते की आता पुरे. जिभेवर आलंही होतं. मग टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊची एसटी मिळत होती.

"ढिली सोडली म्हणून ओरडायचं नाही," मी म्हटलं, आणि चपला शोधायला लागले.